बागेची माती

भूकंपात इमारतीचे मजले एकावर एक बसले होते. ती बांधताना वजनाचं गणित मांडलेल्या इंजिनिअरला क्रेनवाल्याने विचारलं, "गच्चीचा स्लॅब किती टन? माझी क्रेन वीसच उचलते." शेजारी उभ्या माणसाची बायको त्याखालीच अडकली होती. त्याने इंजिनिअरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "अठरा लिहिलंय की. उचला." "खरं तीस," इंजिनिअर म्हणाला. "गच्चीवरच्या बागेची माती मी धरलीच नाही." "का?" "भूकंपाच्या हिशोबात वजन कमी दाखवलं, की खांब बारीक चालतात. मालकाला तेच हवं होतं." क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. नवऱ्याने इंजिनिअरच्या हातात घमेलं दिलं. सगळे माती उपसू लागले. दुपारी खालून तिचा आवाज येईनासा झाला. तरी कुणीच थांबलं नाही. संध्याकाळी क्रेनने स्लॅब उचलला. तिला बाहेर काढायला इंजिनिअरही वाकला. "तुम्ही नको," नवरा म्हणाला.