काळी चार

मच्छिंद्रने पहिलं बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग चाळीसच्या चाळीस दाबून पाहिली. सगळीकडे तेच. कीबोर्डच्या एवढ्याशा पडद्यावर सकाळपर्यंत गाण्यांची नावं होती, तिथे आता नुसते आकडे आले होते. मघाशी एक सूर अडकून कोकलत बसला म्हणून त्याने यंत्र बंद केलं आणि कुणीतरी कधीतरी सांगितलेलं आठवून दोन बटणं एकदम धरून पुन्हा चालू केलं. यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं. घाईत त्याने हो म्हणून टाकलं. सूर थांबला, आणि पाच वर्षांचे प्रीसेट, म्हणजे प्रत्येक गाण्यासाठी यंत्रात साठवलेली मांडणी, पुसले गेले.

साडेचार वाजले होते. पाचला कार्यक्रम. हडपसरच्या आयटी कंपनीचं स्नेहसंमेलन, पाचशे माणसं बाहेर समोसे खात उभी.

तसं पाहिलं तर आवाज शाबूत होते. या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो; बासरी, सतार, व्हायोलिन सगळं लॅपटॉपमध्ये. ते तो पाच मिनिटांत लावू शकला असता. पण प्रीसेटमध्ये आणखी एक आकडा होता, आणि तो जगात फक्त त्या यंत्राला ठाऊक होता. कोणतं गाणं किती पट्ट्या खाली वाजवायचं, तो आकडा.

ज्यांच्या गाण्याला तो साथ करायचा, त्या इंदुताई म्हणजे शनिवार पेठेतलं एक ताठ प्रकरण. वय अठ्ठावन्न. पंचवीस वर्षं त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, काळी चारवर. एका गायिकेने वयापरत्वे पट्टी उतरवली, तेव्हा ताई सगळ्यांसमोर चहा ढवळत म्हणाल्या होत्या की आपल्यावर अशी वेळ आली तर त्या गाणंच सोडतील. आणि त्या सोडणाऱ्यातल्या होत्या. एकदा साखर सोडते म्हणाल्या, तर अकरा वर्षं पेढ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नवरा गेल्यावर घरात त्या आणि त्यांची पेटी, एवढंच उरलं होतं. गाणं सोडल्यावर ही बाई दिवसभर करणार काय, हा मच्छिंद्रला प्रश्न पडायचा.

पाच वर्षांपूर्वी एका गौळणीत वर जाताना त्यांचा आवाज चिरकला. पुढच्या कार्यक्रमाला मच्छिंद्रने ते गाणं गुपचूप एका पट्टीने उतरवून ठेवलं. बोटं काळी चारचीच, नाव काळी चारचंच, यंत्र मात्र खालून वाजणार. ताई सुखाने गायल्या. मग दुसरं गाणं उतरवलं, मग तिसरं. तबला गायकाच्या सुरात लावावा लागतो, त्यात बिंग फुटलं असतं. म्हणून तबलजीच्या जागी त्याने कोंडीरामचा ऑक्टोपॅड, सुरात लावावं न लागणारं विजेचं तालवाद्य, आणला. कुठेही काही लिहून ठेवलं नाही. कागद कधीतरी ताईंच्या हाती लागला असता. प्रीसेटची प्रत लॅपटॉपमध्ये काढायची सोय होती, पण ते काम आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेलं.

आता बारा गाणी, आणि बाराही कोरी. वंदना दोनने खाली होती की तीनने? अभंग गेल्या वर्षी बदलला होता, पण किती? त्याने डोळे मिटून ताईंचा आवाज मनात आणायचा प्रयत्न केला. पलीकडे कोंडीराम स्पीकरची परीक्षा घेत ऑक्टोपॅड धडाधड बडवत होता. आठवेना. सूर वर राहिला तर पाचशे माणसांसमोर त्यांचा आवाज फाटणार. फार खाली गेला तर त्यांना कळणार, आणि मग कायमचंच संपलं. शेवटी त्याने कीबोर्डच्या मागची वायर हातात घेतली. उपटायची, मोडायची, यंत्र जळालं म्हणून सांगायचं. एक कार्यक्रम बुडेल, पण बाई वाचेल.

“काय करतोयस?”

ताई मागेच उभ्या होत्या. मोतिया रंगाची साडी, हातात गाण्यांची वही. मच्छिंद्रच्या हातातली वायर गळून पडली. खोटं बोलायचं सगळं तयार होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

“ताई, मशीन कोरं झालंय. समदं पुसलं गेलं. काय बी राहिलं नाय.”

आता ताई विचारतील, समदं म्हणजे काय, आणि आपल्याला सांगावं लागेल, असं त्याला वाटलं. ताईंनी कोंडीरामला हाताने थांबायची खूण केली आणि पाणी आणायला पाठवलं. तो जाईपर्यंत थांबल्या. मग शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा लावला. वहीचं मागचं पान फाडून त्यांनी त्याच्यापुढे ठेवलं, वर पेन ठेवलं.

“लिहून घे. वंदना दोनने खाली. पहिलं भावगीत तीन, दुसरं दोन. गौळण तीन. अभंग गेल्या दिवाळीपासून चार.”

मच्छिंद्रचं पेन हवेतच राहिलं.

“असा बघू नकोस. माझा गळा उतरलाय, कान नाही उतरले,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज अगदी बारीक केला. “आणि भैरवी तू चारने खाली ठेवली होतीस. ती आज पाचने घे.”