दोन ओळींची पाटी

"नाना, लॅपटॉपमध्ये पाटीचा ड्रायव्हर टाकतोय. थांबा जरा." अविराज बापाच्या कानाशी ओरडला.

नानांच्या कपाळाची शीर तटतटली. उभा जन्म कांद्याच्या लिलावात बोली पुकारण्यात गेला. घशाच्या ऑपरेशनने आवाज गेला, आणि त्या दिवसापासून घरातला प्रत्येकजण त्यांच्याशी ओरडूनच बोलायला लागला. आता लेकाने ही दोन ओळींची इवलीशी पाटी आणली होती. लॅपटॉपला जोडायची, नानांनी टाइप करायचं, अक्षरं पाटीवर उमटणार. पण सकाळपासून मराठी टाकलं की नुसते चौकोन येत होते.

सून चहा ठेवायला आली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "उद्या रेवाला बघायला पाहुणे येतील, तेव्हा नानांना मागच्या खोलीतच बसवू. उगाच हातवारे करत बसतील, चारचौघांत शोभा नको."

"बरं," अविराज पुटपुटला. "डॉक्टरांनी आराम सांगितलाय म्हणू."

नानांनी कप बाजूला सारला. ज्या नातीला खांद्यावर बसवून सगळा बाजार दाखवला, तिच्या पाहुण्यांपासून यांना आजाच लपवायचा होता.

तेवढ्यात लॅपटॉपमध्ये पाटीचा ड्रायव्हर बसला. "नाना, लिहा आता. काहीही लिहा," अविराज पुन्हा ओरडला.

नानांनी एकेक अक्षर दाबलं. पाटीवर उमटलं, "घसा गेला, कान शाबूत आहेत." खाली दुसरी ओळ आली, "उद्या पुढच्या खोलीत बसणार."

मग सून नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, ती वायर काढा आधी."

पाटी कोरी झाली, आणि नवी अक्षरं आली.

"हेही ऐकलं."