अण्णांचा माइक

अण्णांच्या माइकचा लाल दिवा लागलेलाच नव्हता.

लेकीच्या ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. खोलीत माइक तीन. एक पाहुणीचा, एक अण्णांचा, आणि एक तिचा. तिचा आपला नावाला, कारण ती मागे बसून अण्णांच्या ओळीचं शेपूट तेवढं उचलायची. वीस वर्षं हेच काम. "अगं, एकदा तरी पुढे बसून गा," असं म्हणून म्हणून अण्णा थकले. ती म्हणायची, "तुम्ही असताना? काहीतरीच तुमचं!"

पाहुणी सातासमुद्रापलीकडची गायिका. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती पाहुणीच राहिली. भाषा हिची अण्णांना येईना, अण्णांची हिला. तिनं तिच्या डोंगरातलं गाणं म्हणायचं, अण्णांनी त्यात आपलं मिसळायचं. साथीला फक्त लाकडाची नि तारांची वाद्यं. तीन दिवसांत सहा गाणी. अण्णांच्या उभ्या आयुष्यातलं हे पहिलं रेकॉर्डिंग, आणि वय बघता शेवटचंही.

चहाच्या सुट्टीत लेक रेकॉर्डिस्टकडे गेली. "दादा, अण्णांचा माइक बंद आहे."

"ठाऊक आहे मला." त्यानं मान वर केली नाही.

"ठाऊक आहे? मग?"

"आवाज थरथरतो त्यांचा, ताई. निर्णय झालाय. माझ्या हातात काही नाही. आणि त्यांच्याजवळ यातलं अक्षर काढू नका, तुम्हाला माझी शपथ आहे."

भांडावं तर अण्णांना कळणार, गप्प बसावं तर जीव तुटणार. करायचं तरी काय माणसानं? काचेपलीकडे अण्णा पाहुणीला बोटांवर ताल मोजून दाखवत होते. दोघं चुकत होते नि हसत होते.

ती आत आली. "तोंड का उतरलंय गं?" अण्णांनी विचारलं.

"कुठे काय."

"मग बस बघू. मला नाही जमायचं तुझ्यावाचून."

रेकॉर्डिंगमध्ये अण्णांचा आवाज येणार नाही तर नाही, निदान त्यांचं गाणं तरी येऊ दे, असं तिनं ठरवलं. मग ती शेपटावर थांबेना. अख्खी ओळ गाऊ लागली. अण्णा नुसती सुरुवात करून द्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पाहुणीही हळूहळू तिच्याकडे वळून बसली. सूर छान लागत होता, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आपण बापाच्या ताटातलं ओढून खातोय, असंच तिला सारखं वाटे.

तिसऱ्या दिवशी एकच गाणं उरलं. जेवणं झाल्यावर ती रेकॉर्डिस्टच्या दारात उभी राहिली.

"दादा, पाया पडते तुमच्या. एवढ्या एका गाण्याला चालू करा. थरथरू दे, फाटू दे, काय व्हायचं ते होऊ दे!" बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

त्यानं कान खाजवला. "बघा ताई, लावतो मी. पुढचं माझ्यावर नाही." त्यानं बटण दाबलं. काचेपलीकडे तिसरा लाल दिवा लागला.

डोळे पुसत ती गाण्याच्या खोलीच्या दाराशी आली. पाहुणी बाहेर तारा जुळवत होती. आत अण्णा एकटेच, दाराकडे पाठ करून बसलेले. दिवा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडलेली काचेत दिसली. त्यांनी काचेकडे बघून रेकॉर्डिस्टला बोट दाखवून दटावलं. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले, माइकच्या बुडातली वायर उपटली आणि सतरंजीखाली सरकवली. आपली बैठक हातभर मागे ओढली, तिची पुढे ढकलली. आणि दाराकडे न बघताच त्यांनी हाक मारली, "अगं, कुठे राहिलीस? ये लवकर, मला नाही जमायचं तुझ्यावाचून!"