बंबवाल्याच्या दंडावरची पट्टी

नर्स लसीकरणाचं टेबल मांडून सकाळपासून आवारात बसली होती. समोरच्या खुर्च्या रिकाम्याच. लोक आपापल्या गॅलऱ्यांत हाताची घडी घालून उभे होते, भांडण बघायला उभे राहावं तसे.

"कुणी उतरणार नाही," सोसायटीचे सेक्रेटरी नर्सला म्हणाले. "उगाच ताटकळू नका. ह्या वहिनींच्या नवऱ्याचं काय झालं, त्यांनाच विचारा."

जिन्यापाशी उभी असलेली ती अंग चोरून मागे सरकली.

तिचा नवरा अग्निशमन दलात होता. सगळे त्याला बंबवाला म्हणत. वरच्या मजल्यावर सिलिंडर भडकला, तेव्हा सेक्रेटरींच्या मुलीला त्यानंच धुरातून खांद्यावर टाकून खाली आणलं होतं. साथीवरची लस आली तेव्हा "अहो, घाबरताय कसले?" म्हणत तोच सगळ्यांच्या मागे लागला. स्वतः पहिल्याच दिवशी जाऊन आला आणि दंडावरची पट्टी दारोदार मिरवली. थोड्याच दिवसांत तापानं फणफणला. दवाखान्यातून तो परतलाच नाही.

तेव्हापासून इमारतीत लशीचं नाव काढायची सोय उरली नव्हती. सासू तर दिसेल त्याला सांगायची, "धडधाकट पोर होतं माझं. त्या सुईनं खाल्लं." दर वेळी हिच्या ओठांवर काहीतरी यायचं आणि ती ते गिळून टाकायची.

कालच तळमजल्यावरच्या काकांना ऑक्सिजन लावून नेलं. रुग्णवाहिकेत चढताना काकूंनी हिचा हात धरला. "तुझ्या नवऱ्यासारखं व्हायला नको, म्हणून आम्ही लस घेतली नाही गं." रात्रभर हिचा डोळा लागला नव्हता.

नर्सनं पेटीचं झाकण लावलं.

"थांबा," ती म्हणाली. "ह्यांनी लस घेतलीच नव्हती."

"काहीतरीच काय वहिनी! पट्टी आम्ही सगळ्यांनी पाहिली."

"पट्टी औषधांच्या दुकानातली होती. नंबर आला आणि हे रांगेतून निघून आले. सुईची भीती वाटायची त्यांना. दवाखान्यात सांगितलं मला. कुणाला बोलू नकोस म्हणाले."

गॅलऱ्यांतून एकच गलका उठला.

"आगीत शिरणारा माणूस सुईला घाबरेल?"

"नर्सनंच पढवलं असेल हिला."

"गेलेल्या नवऱ्याबद्दल असं बोलवतं तरी कसं!"

ती खाली मान घालून उभी राहिली. त्याला दिलेला शब्द मोडला, त्याचं नाव घालवलं, आणि पदरात काहीच पडलं नव्हतं. इतक्यात जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. कठडा धरत सासू खाली येत होती. आता सगळ्यांदेखत कानाखाली बसणार, अशी तिची खात्रीच झाली.

सासूनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ नर्ससमोर जाऊन बसली आणि वर गॅलऱ्यांकडे बघत म्हणाली,

"खरं बोलतेय ती. लहानपणी सुई म्हटलं की मी आणि त्याचे बाबा, दोघं लागायचो त्याला धरून ठेवायला."