डाव्या टोकाला कोण

"सर, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत," वहिनी उभी राहून म्हणाली.

निकालाचा कागद भिंतीला चिकटवून सरांनी जेमतेम पाठ फिरवली होती. चिकटपट्टीचा तुकडा अजून त्यांच्या बोटाला होता. स्पर्धा परीक्षेच्या त्या क्लासमध्ये लग्न झालेली ती एकटीच, म्हणून सगळी पोरं तिला वहिनी म्हणत. खरी वहिनी मात्र ती एकीचीच. ती एक, म्हणजे तिची नणंद, दुसऱ्या बाकावर बसली होती आणि निकालात पहिली होती. एकसष्ट गुण. वहिनी दुसरी, एकोणसाठ.

पहिल्या नंबराला दिवसभराच्या खास बॅचमध्ये फुकट जागा होती, आणि जागा एकच होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जिला जागा मिळेल ती शिकेल, दुसरी घरी थांबेल, असं सासऱ्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. पुढच्या वर्षी वहिनी परीक्षेच्या वयाच्या अटीत बसणार नव्हती. नणंदेच्या हातात अजून सहा वर्षं होती.

"कुठला प्रश्न?" सरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"एकविसावा. रांगेत बसलेली आठ माणसं. डाव्या टोकाला कोण?"

"गवंडी. मग?"

"शिंपीही चालतो."

मागून कुणीतरी खिदळलं. सरांनी खडू तिच्यापुढे धरला. "या. शिकवा आम्हाला."

ती फळ्याशी गेली. गवंड्याला डावीकडे ठेवून तिने आठ जणांची रांग लिहिली. उजव्या टोकाला शिंपी आला. त्याखाली तीच रांग तिने उलटी लिहिली. मग एकेक अट मोठ्याने वाचली. गवंडी टोकाला. वकिलाच्या शेजारी डॉक्टर. माळी आणि सुतार यांच्यामध्ये दोघं. सातही अटी दोन्ही रांगांना लागू पडल्या, कारण एकाही अटीत डावं-उजवं म्हटलेलंच नव्हतं. सरांनी कुठलातरी जुना प्रश्न उचलून त्यातली माणसं बदलली होती आणि त्या घाईत एक अट गाळली होती. पेपर काढणाऱ्यांची ही ठरलेली चूक. ती कबूल न करणं ही दुसरी.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही. नऊ मिनिटं गेली त्यात. पर्यायांत दोघंही होते, आणि माहिती अपुरी असा पर्याय नव्हता."

"म्हणजे आला नाही."

"आला म्हणूनच सोडला, सर."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चाळीस जणांचं उत्तर बरोबर आहे. ते काय सगळे खुळे?"

"ते पहिल्या रांगेवरच थांबले. प्रश्न रद्द करा. ज्यांना तीन गुण दिलेत, त्यांचे काढून घ्या."

वर्गात गलका उठला. नणंद अठ्ठावन्नवर येणार आणि वहिनी एकोणसाठवर राहणार, हे कळायला कुणालाही कागद लागला नाही. "घरची भांडणं घरी, वहिनी!" मागच्या बाकावरून एकाने आवाज दिला.

वहिनीचा पारा चढला. ती नणंदेकडे वळली. खोटंच बोलायचं असेल तर हिने सगळ्यांसमोर बोलावं, असं तिला वाटलं. "तू सांग. दोन उत्तरं होतात की नाही?"

नणंद सावकाश उठली. फळ्यावरच्या दोन्ही रांगांवरून तिने नजर फिरवली.

"होतात," ती म्हणाली. "मला पेपरातच दोन्ही सापडली होती."

वहिनीने खडू वरच्या रांगेवर टेकवला.

"मग गवंडी का लिहिलंस?"

"पहिल्या अटीत ज्याचं नाव येतं त्याला सर नेहमी डावीकडे बसवतात. तीन महिने बघतेय मी. तू कोडं बघत बसलीस, वहिनी. मी कोडं घालणाऱ्याला बघितलं."

सर क्षणभर ओशाळले. मग मोठ्याने हसले, सुटका झाल्यासारखे. "ऐकलंत? याला म्हणतात परीक्षा देणं! निकाल आहे तोच राहील."

"पण सर, चूक तर तुमची..."

"बसा आता."

वहिनी बसली नाही. सरांचा तिला रागही आला नाही. असली माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. राग आला तो नणंदेचा. ही न कळता जिंकली असती तर एखादे वेळी तिला माफ करता आलं असतं.

नणंद फळ्याशी आली. डस्टर घेऊन तिने खालची रांग पुसून काढली. वरची तशीच ठेवली. हात झटकत परत जाताना ती वहिनीपाशी थांबली आणि घरात बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"उद्या सातला डबा लागेल मला. आणि आईचं औषध आठला."