मानेपाशी मोडलेला मोर

“हा पत्ता माझ्या माळेतला आहे,” सावित्रम्मा म्हणाल्या आणि खेळघरातले सगळे आवाज एकदम थांबले. सायकलच्या चाकावर बसवलेली सात रंगांची तबकडी तेवढी फिरत राहिली. वेगात ती पांढरी दिसत होती. आता वेग मंदावला, तसे एकेक रंग तिच्यात परतू लागले.

पत्ता म्हणजे हातभर लांब पुठ्ठ्याची, भोके पाडलेली पट्टी. अशा शेकडो पट्ट्या आकड्यांच्या क्रमाने दोऱ्यात ओवायच्या आणि ती माळ मागावर चढवायची. मग त्या भोकांच्या हुकमाने चादरीवर नक्षी उमटते. सावित्रम्मांच्या कारखान्यात नव्या नक्षीची पहिली माळ घरातल्या थोरल्या स्त्रीनेच ओवायची, अशी सासूबाईंपासूनची रीत होती. गेली एकवीस वर्षे तो मान सावित्रम्मांचा होता. आणि आज सकाळी विणकराने येऊन सांगितले, की दसऱ्याच्या नव्या चादरीवर मोराची मान मोडून आली आहे.

तेव्हा सावित्रम्मांनी चादरीवरून बोटे फिरवली होती. म्हातारा मुकादम रुद्रप्पा जवळच उभा होता. “अम्मा, माळ येकदा बघू की,” तो म्हणाला.

“माझी माळ?”

माळ चुकणे शक्य नव्हते. तेव्हा मानेचे पत्ते चोरीला गेले असणार. कारखान्यामागच्या जुन्या रंगखान्यात मुले पत्त्यांशी खेळतात, हे साऱ्या पेठेला ठाऊक होते. म्हणून सावित्रम्मा तडक इथे आल्या होत्या.

दुष्काळाच्या वर्षी मागणी आटली आणि रंगखाना थंड पडला. तेव्हा शाळेतल्या सरोजिनीबाईंनी तो मुलांच्या खेळघरासाठी मागून घेतला होता. भिंतींवर अजून निळे-जांभळे ओघळ होते. त्या भिंतींमध्ये आता सुताच्या रिकाम्या कांड्यांच्या कप्प्या फिरत, आरशाच्या तीन पट्ट्यांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे फुले होऊन उमलत, आणि रिठ्याच्या पाण्याचे फुगे छतापर्यंत तरंगत जात. शाळेत मान खाली घालून बसणारी मुले इथे प्रश्न विचारीत.

“रुद्रप्पा, मुलांना बाहेर काढ. आजपासून ही खोली बंद,” सावित्रम्मांनी फर्मावले.

मोराची माळ खांद्यावर घेऊन आलेला रुद्रप्पा मुलांकडे वळला, पण दारातच थांबला.

“सावित्रम्मा, हे पत्ते तुमच्याच भंगारातले आहेत,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “मी विचारून आणले आहेत.”

“बाई, माझा माल मला ओळखता येतो.”

“मग आकडा वाचा की, अम्मा. काठावर लिवलाय.” ही गौरम्मा. कांड्या भरणाऱ्या बाईची नऊ-दहा वर्षांची मुलगी.

सावित्रम्मांनी पत्ता डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. “वाचला,” त्या म्हणाल्या.

“किती हाय?”

मागे कोणीतरी फिसकन हसले. सरोजिनीबाईंनी वळून पाहिले, तसे ते हसू विरले. गौरम्मा मात्र हसली नाही. ती सावित्रम्मांच्या अगदी जवळ आली आणि त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा देऊन हळू आवाजात म्हणाली, “आमच्या आज्जीला बी आसंच हुतंय. ह्यात सुईनं येकच भोक पाडलंय. उजेडात जावा आन् ह्यातनं बघा.”

सावित्रम्मांशी असे कोणी बोलत नसे. त्यांना राग यायला हवा होता. त्या दारापाशी गेल्या, उन्हात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो तुकडा डोळ्याला लावला.

दोन वर्षे जग दुधात बुडाल्यासारखे होते. माणसे आवाजावरून ओळखायची, चादर बोटांनी, जिना पावलांनी. आता त्या दुधातून एकेक वस्तू वर आली. कडुलिंबाच्या झाडाला पाने फुटली. झुपक्याझुपक्याने नव्हे, एकेक पान, दातेरी कडांचे. तारेवर वाळणाऱ्या सुताच्या लडीतून धागे वेगळे झाले. एका धाग्यावर मुंगी चालत होती. समोर आलेल्या गौरम्माच्या हनुवटीवर गोंदलेला हिरवा ठिपका होता. सावित्रम्मा बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या.

मग त्यांनी हातातला पत्ता वाचला. तो कमळाच्या नक्षीचा होता. ती नक्षी बंद होऊन चार वर्षे झाली होती.

“रुद्रप्पा, माळ उन्हात धर.”

सुईच्या भोकातून त्या आकड्यामागून आकडा पाहत गेल्या. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. त्यापुढे सत्तेचाळीस. त्यापुढे चव्वेचाळीस. मानेचे सगळे पत्ते माळेत होते. एकही कमी नव्हता. केवळ ते आपापल्या जागी नव्हते.

मुले भिंतीला टेकून उभी होती. सावित्रम्मा त्यांच्याकडे वळल्या.

“चोरी झालेली नाही,” त्या सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाल्या. “माळ मी चुकीची ओवली. सरोजिनीबाई, खोली मुलांचीच राहील. माझ्या तोंडून जे गेले, त्याबद्दल मी मुलांची क्षमा मागते.”

सरोजिनीबाईंनी हात जोडले. सावित्रम्मा मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या मनात काहीतरी जुळत नव्हते. त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा पुन्हा डोळ्याला लावला आणि त्यातून रुद्रप्पाचा चेहरा पाहिला. तो केवढा म्हातारा झाला होता.

“मला दोन वर्षे आकडे दिसत नाहीत, रुद्रप्पा. एवढ्या काळात मी बोटांच्या अंदाजाने नऊ माळा ओवल्या. त्या नऊही बरोबर कशा निघाल्या?”

रुद्रप्पाने खांद्यावरची माळ सावरली.

“तुमी घरला गेल्यावर दर येळेला मी ती उसवून परत ओवत हुतो, अम्मा,” तो म्हणाला. “ह्या बारीला तेवडा तापानं पडून हुतो.”