अकराव्या प्रश्नाचं उत्तर

“शेवंताबाई, यंत्र विचारलं तेवढंच सांगतं. प्रश्न नीट लिहायचा,” असं वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नव्या कायद्याने कारखान्यातल्या यंत्रांनाही लेखी प्रश्नांची खरी उत्तरं द्यावी लागत.

पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्राखाली शेवंताची दोन बोटं गेली होती. ‘सोमवारच्या उपासाने भोवळ आली,’ असा ठपका ठेवून कंपनीने तिला काढून टाकलं. “देवानं सांगितलं होतं का उपाशी मर म्हणून?” असं सासूही ऐकवायची. तिने उपास सोडला नाही. पण खरंच भोवळ आली असेल का, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

आज प्रेसची उत्तरं आली. अपघात कशामुळे झाला आणि ते कारण आता दूर झालंय का, या अकराव्या प्रश्नाचं उत्तर वकीलबाईंनी वाचलं: “बाईंचा हात स्थिर होता. आत हात दिसला की मला थांबवणारा सेन्सर सुपरवायझरने चिकटपट्टीने झाकला होता. अजून झाकलेलाच आहे.”

“पुन्हा एकदा वाचा ना,” शेवंता म्हणाली, आणि पदराने डोळे पुसता पुसता हसली.

“आता कामावर घ्यावंच लागेल तुम्हाला. घरी जाऊन सासूबाईंना सांगा.”

“सांगेन हो. त्या प्रेसवर आता नसीम उभी असते. खरं कळलं की आधी तुलाच सांगेन, असा तिला शब्द दिलाय.”

उत्तरांची प्रत पिशवीत घालून ती कारखान्याच्या रस्त्याला लागली.